एका 'ऱ्या'साठी काढलेला फाटा

फोन आला तेव्हा मी नईमभाईंनाच लिहीत होते. प्रेमानं नाही. "तुम्ही केलेली दुरुस्ती अपुरी आहे, एक जागा सुटली आहे, आणि दवाखान्याच्या खाटेवरून हे काम करू नका असं मी आधीच सांगितलं होतं," एवढं टाइप झालं होतं, आणि पुढची तिखट वाक्यं डोक्यात तयार होती. तेवढ्यात नांदेडहून त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. "ताई, भाई गेले." मी विचारलं, "कुठं?" ... खरंच असं विचारलं. हा माणूस भांडण अर्धवट टाकून जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. मग शिरलं. आणि शिरल्यावर आधी रडू आलं नाही, संताप आला. आता तो फाटा कोण सांभाळणार?

पुढच्या आठवड्यात ऑफिसात शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. एकजण म्हणाला, नईमभाई म्हणजे शांत माणूस. शांत! ज्यांनी माझ्याशी भांडताना कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला आणि मग त्यातून पडलेली शेंगदाण्याची फोलपटं मलाच दाखवली, ते शांत. दुसरा म्हणाला, ते सगळ्यांना शिकवायचे. कोणाला? त्यांच्या कामाला हात लावायला गेलं की "ऱ्हाऊ द्या, तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई" याशिवाय मी काही शिकले नाही. आमचे मालक उठले आणि म्हणाले, "नईमभाईंनी बनवलेलं ते आपलं स्वतःचं कुलूप, तो त्यांचा वारसा आहे." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, ताई रडतायत.

कुलपाचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिंगोलीत बसस्टँडच्या मागे आमचं छोटं ऑफिस आहे. वसमत, कुरुंदा, सेनगावकडची हळदीची गोदामं आमचं सॉफ्टवेअर वापरतात. शेतकऱ्यानं हळद गोदामात टाकली की त्याच्या फोनवर पावती जाते. त्या पावतीवर एक डिजिटल शिक्का असतो. माल बाहेर काढताना गेटवरचा माणूस पावतीवरचं नाव मशीनमध्ये लिहितो, आणि नाव आणि शिक्का जुळले तरच गेट उघडतं. हा शिक्का मारायचं नि तपासायचं काम ज्या कोडमुळे होतं तो आम्ही लिहिलेला नाही. तो जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट, उघडा. कुलूप कसं बनवलंय ते सगळ्यांसमोर आहे, कोणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावं. तरी चावीशिवाय ते उघडत नाही, हीच त्याची थोरवी. असल्या उघड्या कोडची आपली वेगळी प्रत काढून ती आपणच सांभाळायची, याला इंग्रजीत फोर्क म्हणतात. आमच्याकडे त्याला पहिल्या दिवसापासून फाटा म्हणतात. फाटा म्हणजे हट्टा फाटा, कुरुंदा फाटा. मोठा रस्ता सरळ जातो, आपण फाट्यावर उतरून गावाकडे वळतो. मोठ्या रस्त्यावरचे खड्डे सरकार बुजवतं, आपल्या गावाकडच्या रस्त्यावरचे आपले आपण बुजवायचे. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. नईमभाईंनी मला फाट्यावर मारलं.

तो फाटा निघाला एका अक्षरामुळे. कुरुंद्याचे एक कऱ्हाळे, वयस्कर गृहस्थ, जावयाला घेऊन हळद काढायला गोदामावर गेले. गेटवरच्या माणसानं नाव लिहिलं आणि मशीननं सांगितलं, 'पावती खोटी आहे'. हा 'खोटी' शब्द आमच्या मालकांनी हौसेनं निवडलेला, सोपी मराठी पाहिजे म्हणून. मागे ट्रॅक्टरांची रांग, बाजूला जावई, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात खोटी. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ थेट आमच्या ऑफिसात आले. ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "माझं नाव खोटं हाय म्हणून राहिली तुमची मशीन. मंग खरं कोणतं, तेवढं सांगा." नईमभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जेवायचं विसरून त्या पावतीला भिडले.

चूक सापडली ती अशी. कऱ्हाळ्यांच्या नावातला 'ऱ्ह' संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड त्यासाठी वेगळा ऱ वापरतात. काही साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. डोळ्याला दोन्ही नावं सारखीच, जुळ्या भावांसारखी. पण मशीन अक्षर बघत नाही, अक्षरामागचे आकडे बघते, आणि आकडे वेगळे. पावती करणाऱ्यानं एक ऱ लिहिला, गेटवरच्यानं दुसरा. मुंबई-बंगळुरूत बसून इंग्रजी नावांवर शिक्के मारणाऱ्याला हा त्रास जन्मात व्हायचा नाही. आणि आमच्याकडे? मराठीत शेतकऱ्याचा, गिऱ्हाइकाचा, दुसऱ्याचा, अगदी खऱ्याचा म्हणायचं तरी हा ऱ लागतोच.

इथपर्यंत आमचं भांडण नव्हतं. भांडण झालं ते दुरुस्ती कुठे करायची यावरून. मी म्हणत होते, नाव शिक्क्याकडे जाण्याआधीच, वरच्या वर, एकसारखं करून घ्या. कुलपाला हात लावू नका. कुलपानं फक्त आकडे बघावेत, त्याला मराठी शिकवायला जाऊ नये. कुलूप समजूतदार झालं की उद्या चोरही त्याची समजूत घालेल. नईमभाईंचं म्हणणं, वरचं सॉफ्टवेअर प्रत्येक गोदामाला वेगळं, आज इथे नीट करू, उद्या नवीन पोरगं येईल आणि विसरेल. सगळ्यात खाली, कुलपातच बसवलं की कोणाला विसरताच येणार नाही. "ताई, तुमी कुलूप बघून राहिले. आमी दारात उभा ऱ्हायलेला माणूस बघून राहिलो," असं म्हणाले. वाक्य छान होतं. मालकांना तर फारच आवडलं. वाक्य छान असलं की ते बरोबर असतं असं आमच्याकडे समजतात. ठरलं असं की दिवाळीपर्यंत तात्पुरता फाटा काढायचा. कोणती दिवाळी, हे विचारायचं राहिलं.

ते हट्ट्याचे. गाव हट्टा, माणूस हट्टी, हा विनोद हिंगोलीत प्रत्येकानं त्यांच्यावर एकदा तरी केला असेल, आणि त्यांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसून दाखवलं. पण हट्टामागे काय होतं तेही मला माहीत होतं, कारण ते लपवायचे नाहीत. त्यांच्या वडिलांचं नाव गनी. रेशनकार्डावर गणी, शाळेच्या दाखल्यावर घनी, सातबाऱ्यावर गनी. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करण्यात वडिलांचं अर्धं तरुणपण तहसीलच्या पायऱ्यांवर गेलं. "आमच्या नावाच्या माणसाला कागद जुळला न्हाई तर लई तकलीफ असते, ताई. तुमच्या नावाला कोणी दोनदा बघत न्हाई," एकदा चहा पिताना सहज म्हणाले. ते खरं होतं. पण खऱ्या दुःखावर चुकीचा इलाज केला तर तो बरोबर होत नाही. वडिलांवर झालेल्या अन्यायाचा सूड बिचाऱ्या कुलपावर काढायचा, याला मी आजही अडाणीपणा म्हणते.

आणि मग सुरू झालं ते सांभाळणं. मूळ कोड लिहिणारे जगभरचे लोक दर काही महिन्यांनी त्यात सुधारणा करायचे. कुठे एखादी फट सापडली की बुजवायचे. बाकी सगळं जग एक बटण दाबून ती सुधारणा घेतं. आम्ही घेऊ शकत नव्हतो, कारण आमचं कुलूप आता तेच राहिलं नव्हतं. मूळची प्रत्येक ओळ आणि आमची प्रत्येक ओळ शेजारी शेजारी ठेवून, बघून, हातानं शिवावी लागायची. ते काम नईमभाई एकटे करायचे. कानात बोटं घातल्यासारखे हेडफोन लावून बसायचे, गाणं काही लागलेलं नसायचं. कोणी काही विचारलं तर हात वर करायचे, ट्रॅफिक पोलिसासारखा. मी म्हणायचे, निदान मला दाखवून ठेवा, तुम्ही आजारी पडलात तर? "आमी आजारी पडत न्हाई." म्हणायचे तेही असं, जणू आजार विचारून येतो. आम्ही सगळी वर्षं अहो-जाहो करत भांडलो. आवाज वाढला तरी 'तुम्ही'चा 'तू' झाला नाही. एकदा मी रागाच्या भरात विचारलं, "तुम्ही स्वतःला समजता कोण?" तर शांतपणे म्हणाले, "हट्ट्याचा. काहून?" ऑफिसभर हशा झाला. मला मात्र त्या दिवशी रात्रीपर्यंत जेवण गेलं नाही.

मालकांकडे जाऊन उपयोग नव्हता. त्यांचं एकच, "चालतंय ना ताई? मग?" चालत होतं हे खरंच. नईमभाई चालवत होते म्हणून चालत होतं. जे चालतं त्याखाली एक माणूस वाकून उभा आहे, हे त्याच्या खांद्यावर बसलेल्याला कसं दिसणार? मी शेवटी म्हटलं, हा फाटा बंद करू, जुन्या पावत्यांवर नवीन शिक्के मारून देऊ, मी करते सगळं. नईमभाई तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच, "माझ्या मागं करा."

शेवटच्या दिवसांत मूळ कोडात एक मोठी फट निघाली. सगळीकडे धावपळ झाली. बाकीच्यांनी बटण दाबलं आणि झोपले. आमचे नईमभाई छातीत दुखतंय म्हणून नांदेडला दवाखान्यात. मी फोन केला, "मला करू द्या, तुम्ही फक्त सांगा." नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. एका हाताला सलाइन, मांडीवर लॅपटॉप, आणि नर्स ओरडत असताना त्यांनी ती दुरुस्ती शिवली. घाईत एक जागा सुटली. एरवी त्यांच्या हातून कधी सुटली नसती. ती सुटलेली जागा दाखवणारं पत्र मी लिहीत होते, तेवढ्यात तो फोन आला. ते पत्र मी पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं असंही मला वाटत नाही. ती जागा मीच बुजवली, आणि त्याच आठवड्यात मालकांना सांगितलं की आता फाटा बंद होणार. 'ऱ्या'ची दुरुस्ती मी आधीपासून सांगत होते तिथे, वरच्या वर जाईल. मालक म्हणाले, "एवढ्यात? चाळिसावा दिवस तरी होऊ द्या." जणू मी कोणाचं घर मोडायला निघाले होते.

चाळिसाव्याच्या आधीच हट्ट्याहून बोलावणं आलं. शबानाभाभींना नईमभाईंच्या लॅपटॉपचं काहीतरी विचारायचं होतं. भाभींची इद्दत चालू होती, नवरा गेल्यानंतरचे ते महिने बाई बाहेरच्या पुरुषांसमोर येत नाही. त्यामुळे ऑफिसातले बाकीचे सगळे हुशार बाद झाले आणि उरले मी, ज्या बाईचं आणि नईमभाईंचं कधी पटलं नाही ती.

भाभी आतल्या खोलीत बसल्या होत्या. पांढरी ओढणी, समोर लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. ते रडणं नव्हतं, तो राग होता. मला त्यात एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमी खरं सांगाल. तुमचं त्यांच्याशी जमत न्हवतं, म्हणून तुमी खरं सांगाल." लॅपटॉपमध्ये एक कुलूपबंद कप्पा होता. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो, तिच्या लग्नातले, सासऱ्यांच्या आवाजातल्या जुन्या गोष्टी, सगळं त्यात. पासवर्ड काय म्हणून कधी विचारलं तर हे हसून म्हणायचे, "नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं." भाभींना वाटायचं चेष्टा करतायत, कारण त्या खरंच त्यांचं नाव कधी घेत नसत, 'आमचे हे' म्हणायच्या. दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, त्यांनी हात धरून सांगितलं होतं की चेष्टा नव्हे, तेच वाक्य पासवर्ड आहे, मराठीत, जसंच्या तसं लिहायचं.

"मी लिहिलं, ताई. पोरीनं लिहिलं. भावानं लिहिलं. मशीन चूक म्हणून राहिलं." मग म्हणाल्या, "जाताना बी माझ्याशी खोटं बोलले का हो ते? हात धरून?"

मी लॅपटॉप जवळ ओढला. वाक्य बघितलं. नवऱ्याचं. त्यात 'ऱ्या' होता.

आधी मी तो कप्पा कोणत्या कुलपानं बंद केलाय ते पाहिलं. आणि मी हसले, त्या मातमाच्या घरात, मोठ्यानं. त्यांचा फाटा नव्हता तो! घरच्या कुलपाला या माणसानं स्वतःचा फाटा लावलाच नव्हता. मूळचं, जगभरच्या लोकांचं, एक अक्षरही न समजणारं, आकड्याला आकडा बघणारं आडमुठं कुलूप लावलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माझ्याशी भांडले आणि जिथे स्वतःच्या लेकीचे फोटो ठेवायचे होते तिथे गुपचूप माझं ऐकलं. त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांना सोडलं नसतं. भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "काही नाही भाभी. तुमचा नवरा फार लबाड होता. पण खोटं नाही बोलला."

सगळ्यांनी वाक्य मुलीच्या फोनवर मराठीत लिहून लॅपटॉपमध्ये टाकलं होतं, आणि तो फोन एक ऱ लिहितो, नईमभाईंच्या जुन्या कीबोर्डवरची बोटं दुसरा लिहायची. मी लिहिलं. र. पाय मोडला. न दिसणारं जोडचिन्ह. मग 'या'. बाकीचं वाक्य पूर्ण केलं. कप्पा उघडला.

भाभी ओढणीनं तोंड पुसून म्हणाल्या, "मंग आमी बराबर लिहिलं होतं ना? तरी चूक काहून म्हणलं?" मी जे वर्षानुवर्षं सांगत आले तेच सांगितलं, कारण ते आजही खरं आहे. "मशीनला अक्षर दिसत नाही भाभी, आकडे दिसतात. ते तसंच असायला पाहिजे. नाहीतर ते कुलूप राहणार नाही." त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवला, हे दिसत होतं. आणि तरी म्हणाल्या, "पण ताई, दवाखान्यापासून आजपातूर मी त्यांना खोटं समजून राहिले. नमाजात बसले तरी मनातून शिव्या देऊन राहिले. याचं काय करायचं?"

 फाटा बंद होणार, त्यात बदल नाही. 'ऱ्या' वरच्या वर नीट होईल, कऱ्हाळ्यांना गेटवर कोणी खोटं म्हणणार नाही. माझा राग आहे तसाच आहे. कुलपाची जागा कुलपाला, माणसाची माणसाला, हे मी त्यांच्या कबरीपाशी उभं राहूनही म्हणेन. पण भाभींच्या त्या आठवड्यांचं काय करायचं, ते मला येत नाही.

मग त्या म्हणाल्या, "मला शिकवा. माझ्या हातानं उघडलं पायजे." मी शिकवलं. र. पाय मोडायचा. आता हे बटण, काही दिसणार नाही, घाबरू नका. आता 'या'. त्यांनी लिहिलं, कप्पा उघडला. "बराबर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा लिहिलं. उघडला. "बराबर." पुन्हा बंद. मला वाटलं, सराव करतायत. बाहेरून मुलीनं चहा आणून दिला, माझा पिऊन झाला, त्यांचा गार झाला. कप्प्यात इतके फोटो होते, त्यातला एकही त्यांनी उघडला नव्हता. नुसत्या ते वाक्य लिहीत होत्या आणि मशीनकडून ते पुन्हा पुन्हा खरं करून घेत होत्या.